फेस न येणारं पाणी

पाण्याबद्दल लिहितोय म्हटल्यावर काही लोकांनी आत्ताच रुमाल काढून मांडीवर ठेवला असेल. ठेवा परत खिशात. यात नदी नाही, काठावरचं देऊळ नाही, डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायका नाहीत. डोळ्यातलं पाणी थोडंसं आहे, पण ते चुलीच्या धुरानं आलेलं. आणि 'एच टू ओ' वाचून दोन गोष्टी शिकून घेऊ म्हणून जे बसलेत त्यांचंही चुकलं, कारण मला दहावीला विज्ञानात जे मार्क पडले होते ते सांगायची लाज वाटते, आणि मला सहसा कशाची लाज वाटत नाही.

यात डाळ आहे. तुरीची. ती शिजत नव्हती, एवढीच गोष्ट.

आमचं गाव यावलजवळ, केळीच्या बागांत बुडालेलं. मागच्या उन्हाळ्यात माझ्या ताईचा साखरपुडा घरीच ठरला. नवरदेव धुळ्याचा. स्थळ आणलं होतं आमच्या विज्ञानाच्या सरांनी. सर आमच्या शाळेत होते तेव्हा ताई त्यांची हुशार विद्यार्थिनी होती आणि मी त्यांचा मी होतो. पुढे सर रिटायर होऊन धुळ्याला, आपल्या गावी परत गेले, आणि स्वतःच्या भाच्यासाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा म्हणाले, यावलकडे एक मुलगी आहे, वही फार नीट ठेवायची. वहीवरून लग्न जमलेली आमच्या खानदानातली ही पहिलीच.

आता मला काय येतं ते सांगतो. मला माणसांचे आवाज येतात. स्टँडवरचा कंट्रोलर, केळी मोजणारा व्यापारी, तालुक्याच्या ऑफिसातला 'उद्या या' म्हणणारा भाऊसाहेब, सगळे येतात. पण माझा हुकमी एक्का म्हणजे सर. सर शिकवताना स्वतःच प्रश्न विचारायचे, "का?" मग थांबायचे, नाक ओढायचे, सुर्रर्र, आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "कारण!" प्रत्येक गोष्टीला हेच. "लोखंड गंजतं. का? सुर्रर्र. कारण!" पूर्ण शाळेत हा आवाज माझ्याइतका कोणालाच जमायचा नाही. लग्नात, बारशात, गणपतीत लोक मला उभं करून म्हणायचे, ए, सर कर ना.

म्हणून साखरपुड्याच्या सकाळी आईनं मला गाठलं. मी दाढी करत होतो. म्हणजे करायचा प्रयत्न करत होतो, ब्रशनं गालावर साबण घासून घासून गाल लाल झाले, फेस काही येईना. साबण बोगस, मी म्हटलं.

"इकडे बघ," आई म्हणाली. "आज सर येणार आहेत. ते मुलाचे मामा आहेत. माझी शपथ आहे तुला. आज त्यांचा आवाज काढायचा नाही."

"आई, मी कशाला..."

"नाकसुद्धा ओढायचं नाही. सर्दी झाली तरी नाही."

मी शपथ घेतली. आई इतकी घाबरलेली का होती, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. ताईचं याच्याआधी एक जमलं होतं. बघाबघी झाली, सगळं झालं, आणि बोलणीच्या दिवशी चहाचं दूध नासलं. जळगाव जिल्ह्यातला मे महिना, दुपारचं ऊन, दूध नासणार नाही तर काय करणार? पण पुढे त्या लोकांनी काहीतरी कारण काढून नकार कळवला, आणि गावात राहिलं काय, तर त्या पोरीच्या कार्यात दूध नासलं. दोन वर्षं ते दूध ताईला चिकटून होतं. नवीन स्थळ आलं की कोणीतरी हळूच काढायचंच. ताई हसून सोडून द्यायची, पण त्या काळात तिनं चहा करणं बंद केलं होतं. मला करायला लावायची. मला वाटायचं आळशी झाली. खूप उशिरा कळलं की आळशी नव्हती झाली.

तर अशा सगळ्यात मेन्यू ठरला वरण-बट्टी. खान्देशात घरचं कार्य म्हटलं की तुरीचं वरण आणि कणकेची उकडलेली बट्टी, वर वांग्याची घोटलेली भाजी. आचारी आमचे नेहमीचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. घरामागं शेताच्या कडेला चुलाण खणलं, जाळायला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग लावला. आमच्याकडे पद्धत अशी की जिचं कार्य तिनं पहिली मूठभर डाळ उकळत्या पाण्यात सोडायची. ताईनं साडी सावरत सोडली. सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. मोबाईलवर फोटो निघाले.

आणि पाणी होतं नानांच्या नव्या बोअरचं.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. जुन्या विहिरीनं दम तोडल्यावर त्यांनी त्याच उन्हाळ्यात बोअर मारलं होतं, खूप खोल. पाणी लागलं त्या दिवशी नानांनी पेढे वाटले होते. त्यांना मुलगा झाला तेव्हा जिलेबीवर भागवलं होतं, यावरून समजा. पाणी खरंच काचेसारखं स्वच्छ. आल्यागेल्याला नाना ग्लास भरून द्यायचे आणि तो पीत असताना त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, नळाचं पाणी भरून ठेवते. नाना म्हणाले, "वहिनी, घरात बोअर असताना नळाचं पाणी? नळ काय करायचा? उद्या सगळा स्वयंपाक आपल्या पाण्यावर." सगळे ड्रम बोअरच्या पाण्यानं भरले. पिण्यासाठी तेवढे यावलहून थंड पाण्याचे जार मागवले होते, तेही नानांना आवडलं नव्हतं.

पप्पा पाहुण्यांना आणायला जळगावला गेले होते. तिथून त्यांचा फोन आला. "धुळ्याची गाडी पारोळ्याला चहाला थांबली आहे. डाळ झाली का?"

"होत आली," आई म्हणाली.

आबांनी पळीनं डाळ काढली, एक दाणा बोटांत धरून दाबला. दाणा टुणकन उडाला आणि माझ्या शर्टावर येऊन बसला.

"अजून टाइम शे," आबा म्हणाले.

मग बट्ट्या उकडून झाल्या, वांगी भाजून झाली, घोटून झाली. आबांनी परत दाणा दाबला. परत उडाला. आता आबांनी पागोटं काढून घाम पुसला. नाना लांबून बघत होते ते जवळ आले.

"आबा, जाळ कमी पडून राह्यला तुमचा."

"जाळ कमी? ह्या पऱ्हाट्या काय मी आरतीला लावल्या का?"

नानांनी स्वतःच्या हातानं भारा उचलून चुलीत घातला. ज्वाळा पातेल्याच्या काठापर्यंत गेल्या. पाणी खदखदून उकळायला लागलं, वाफेचा लोट निघाला. सगळ्यांना वाटलं, आता शिजेल. पाणी आटलं, आबांनी नवीन ओतलं. बोअरचंच. डाळ आपली वर-खाली, वर-खाली, पोहायला आल्यासारखी.

पप्पांचा फोन. "पाहुणे जळगावला पोचले. नाश्ता करून निघतो आम्ही. झालं ना सगळं?"

"झालंच," आई म्हणाली, आणि फोन ठेवून तिथंच पायरीवर बसली.

मग सुरू झालं भांडण. नाना म्हणाले आचाऱ्याचा हात बिघडला. आबा म्हणाले डाळ जुनी शे, वाण्यानं फसवलं. आई म्हणाली डाळ आपल्या शेतातली आहे, वाणी कुठून आला मध्ये. आबा म्हणाले, "मंग मी काय डायीच्या पोटात बसून पाह्यलं का? मले जी दिली ती टाकली." ह्या सगळ्यात अक्का उठून आली. अक्का म्हणजे पप्पांची आत्या, घरातली सगळ्यात मोठी. तिनं स्वतः दाणा घेतला, दाबला, आणि सगळे गप्प होतील अशा आवाजात म्हणाली,

"बय बय. मांघे दूध. आता डाय. पहिली मूठ कोनी टाकली होती?"

अक्का वाईट नाही हो. ताईवर तिचा फार जीव. पण तिच्या तोंडातून निघालं, आणि मागे उभ्या असलेल्या दोन शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. बस, तेवढंच. पाहुणे यायच्या आधी गावात गेलं असतं. पाहुणे जायच्या आधी पाहुण्यांत गेलं असतं. आणि मग दुधाच्या शेजारी ताईच्या नावावर डाळ लागली असती.

मी मागच्या खिडकीकडे गेलो. ताई आत साडी नेसून, गजरा माळून खुर्चीत बसलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"शिजत नाही ना?" ती म्हणाली.

"शिजेल गं. डाळच आहे, दगड आहे का."

"माझे केस बघ."

मला वाटलं हिला आता केसांचं पडलंय. पण ती सांगत होती वेगळंच. "सकाळी दोनदा धुतले तरी चिकट. पार्लरवाली म्हणाली, साबण निघालाच नाही तुमचा. तुझ्या दाढीला फेस आला होता का?"

"नाही. साबण बोगस आहे."

"तोच अंगाचा साबण मी मागच्या आठवड्यात कॉलेजच्या होस्टेलला वापरलाय. साबण बोगस नाही." ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. "सरांनी शिकवलं होतं काहीतरी. फेस न येणारं पाणी. त्यात डाळीचंही काहीतरी होतं. मला नीट आठवत नाही रे, डोकंच चालत नाही आज."

"मला काय विचारतेस? मला विज्ञानात..."

"तुला धडा पाठ नाही. तुला सर पाठ आहेत," ताई म्हणाली. "सर कर."

"आईची शपथ आहे."

"मग वरून माझी शपथ."

मी इकडं तिकडं बघितलं. डोळे मिटले. एक हात मागे, एका हातात न दिसणारा खडू, पोट थोडं पुढे. नाक ओढलं, सुर्रर्र. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तोंड आपोआप सुरू झालं. माझ्या डोक्यात जे कधी शिरलं नव्हतं ते सगळं सरांच्या आवाजात कुठंतरी जसंच्या तसं पडून होतं.

"पाणी शुद्ध असतं का? नाही! का? सुर्रर्र. कारण! पाण्याला वाटेत भेटेल त्याला पोटात घ्यायची सवय आहे. जमिनीत जितकं खोल, तितका खडकाशी सहवास. खडकातून ते कॅल्शियम घेतं, मॅग्नेशियम घेतं, आणि वर येताना सभ्य माणसासारखं स्वच्छ दिसतं! अशा पाण्याला आपण दुष्फेन म्हणतो. का? सुर्रर्र. कारण! फेस येत नाही. साबण आधी कॅल्शियमशी भांडतो. त्या भांडणाचा साका होतो. भांडणातून साबण उरला तर फेस! मागची बेंच, हसू नका! अशा पाण्यात डाळ शिजत नाही. का? कारण! तेच कॅल्शियम डाळीच्या दाण्याला आतून आवळून धरतं..."

"आणि जाळ वाढवला तर?" ताईनं विद्यार्थिनीसारखं विचारलं.

"शून्य उपयोग! का? सुर्रर्र. कारण! पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान वाढत नाही. तुम्ही अख्खं जंगल जाळा. पाणी म्हणेल, धन्यवाद, आणि वाफ होऊन निघून जाईल!"

ताई माझ्याकडे बघत होती आणि हसत होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ते येत होतं जे नुसतं धुरानं आलंय असं मी वर म्हटलंय. "जा," ती म्हणाली. "नुसतं सांगू नकोस, कोणी ऐकणार नाही. दाखव."

मी तीन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या शोधल्या. एकीत बोअरचं पाणी. एकीत शेजारच्यांनी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं. एकीत जारमधलं, यावलच्या फिल्टर प्लांटचं. दाढीचा बोगस साबण चाकूनं किसला, प्रत्येक बाटलीत टाकला, आणि चुलीजवळ जाऊन ओरडलो, "या या या, मंडळी, इकडे या!" हा आवाज भुसावळच्या बाजारात उंदीर मारायचं औषध विकणाऱ्याचा. त्याच्याबद्दल शपथ नव्हती.

सगळे जमले. कारण भांडून भांडून कंटाळले होते. मी तिन्ही बाटल्या हलवल्या. जारच्या बाटलीत फेस पार झाकणापर्यंत. नळाच्या बाटलीत बोटभर. आणि बोअरच्या बाटलीत फेस नाहीच, वर पांढरट, फाटलेल्या दुधासारखा साका तरंगत होता.

"दूध नासलं?" अक्का म्हणाली.

"नाही अक्का. दूध नाही, ताई नाही, डाळ नाही, आबा नाही. पाणी. ह्या पाण्यात तू टाकली असतीस तरी शिजली नसती, देवानं येऊन टाकली असती तरी नसती शिजली." आणि एकदा तोंड सुरू झालं की मला थांबता येत नाही, पुढचं सगळं सरांच्या आवाजात निघालं. का, सुर्रर्र, कारण, सगळं. आईनं डोक्याला हात लावला, पण ती ऐकत होती. शेजारणीही ऐकत होत्या. आबा तर असे खूश झाले की पागोटं परत डोक्यावर आलं.

फक्त नाना नाही. नानांच्या बोअरचा प्रश्न होता. "तुमच्या ठिबकच्या नळ्या बघा की नाना," मी म्हटलं, "महिन्याभरात तोंडं बुजली, पांढरं पांढरं बसलंय. त्यातलंच हे." त्या नळ्या नानांनी स्वतः सुईनं टोकरल्या होत्या. पण मग त्यांनी बोट वर केलं.

"बरं. मग काल तुझ्या काकूनं ह्याच पाण्यात कपडे धुतले. पावडरीचा फेस बादलीबाहेर आला. तो कसा आला? सांग!"

झालं. ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण स्टेजवर उभं राहिल्यावर गप्प बसायचं नसतं, म्हणून मी पोट पुढे काढलं आणि वेळ मारून न्यायला म्हटलं, "पावडरीला फेस येतो. का?"

आणि थांबलो.

"सुर्रर्र," आवाज आला. "कारण! पावडर म्हणजे साबण नव्हे. डिटर्जंटचा आणि कॅल्शियमचा साका होत नाही, म्हणून तिथं फेस अडत नाही."

अक्कानं टाळी वाजवली. "बय! एकदम मास्तरवानी काढतो हा पोरगा!"

माझं तोंड बंद होतं.

मी मागे बघितलं. सर उभे होते. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. सर कधीच कोणाच्या गाडीतून येत नाहीत, त्यांना बंद गाडीत मळमळतं. सकाळच्या एसटीनं निघून, यावलहून रिक्षा करून, पाहुण्यांच्या आधी येऊन ते किती वेळ माझ्या मागे उभे होते, देव जाणे. आईचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नसता.

सरांनी पिशवी खाली ठेवली, पातेल्यात वाकून बघितलं. "आधी डाळ," म्हणाले. "कोणतं पाणी घालणार आहात?"

"जारचं," मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं. तो आवाज मलाच नवीन वाटला.

"खाण्याचा सोडा?"

"नाही टाकला."

"अर्धा धडा," सर म्हणाले. "टाका. थोडाच. जास्त झाला तर चव जाईल."

पुढची पळापळ विचारू नका. डाळ निथळली. जार उलटे केले. पण जारचं पाणी बर्फासारखं थंड, आणि त्या दिवशी मला कळलं की पाणी तापायला किती मस्ती करतं. जाळ घाला, घाला, घाला, पाणी आपलं कोमटच. आबा पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर हात जोडून उभे. पप्पांचा फोन आला, "पाहुणे यावलला आलेत, पाच मिनिटांत पोचतो." आईनं फोन माझ्याकडे दिला. मी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या आवाजात म्हटलं, "गाडी सावकाश आणा, केळीचे ट्रक आडवे आहेत." पप्पा म्हणाले, "कोण बोलतंय?" मी फोन ठेवला.

अजून एक गोष्ट राहिली होती. जार डाळीत गेले, मग पाहुणे पिणार काय?

"बोअरचं," सर म्हणाले. "प्यायला काही वाईट नाही ते. चवीला बरंच असतं."

नानांच्या अंगात वारं भरलं. त्यांनी स्वतः माठ धुतले, बोअरचं पाणी भरलं, ओली गोणपाटं गुंडाळली, सावलीत वाऱ्याला मांडले. इतक्या प्रेमानं नानांनी काकूलाही कधी काही गुंडाळलं नसेल.

पाहुणे उतरले. पाय धुणं, नमस्कार, बसवाबसवी. नवरदेवाच्या वडिलांनी ग्लासभर पाणी पिऊन म्हटलं, "वा, गोड पाणी आहे तुमच्याकडे." नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू तीन बाटल्यांचा निकाल वरच्या कोर्टात फिरला.

आणि इकडे चुलीपाशी अक्कानं पळी घातली. एक दाणा काढला. फुंकर मारली. बोटांत धरला. आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत होतो, आबा, आई, मी, त्या दोन शेजारणी. अक्कानं दाबला.

दाणा पसरला. लोण्यासारखा, तिच्या अंगठ्यावर पिवळा.

आई एकदम खाली बसली आणि हसायला लागली. आबांनी चुलीला नमस्कार केला. अक्कानं पळी ठेवली. तसाच अंगठा घेऊन ती खिडकीपाशी गेली, गजांतून हात आत घातला आणि ताईच्या तळहातावर ती डाळ पुसली. "पाय," म्हणाली, म्हणजे बघ. "शिजली. तुनं टाकेल शे म्हनून नही न् नही टाकेल म्हनून नही. पानी खराब व्हतं." मग मागे वळून शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या जोरात परत म्हणाली, "पानी खराब व्हतं!"

खराब नव्हतं खरं तर, नुसतं दुष्फेन होतं. पण त्या वेळी अक्काला दुरुस्त करायला मी काही येडा नव्हतो. छातीवरून कोणीतरी गव्हाचं पोतं उचलावं तसं वाटलं. मी चुलीमागे जाऊन उगाचच उभा राहिलो थोडा वेळ.

साखरपुडा झाला. साखर भरवली, अंगठ्या झाल्या. पंगत बसली. वरणावर तूप पडलं, बट्टी कुस्करली गेली, पाहुण्यांनी परत परत वरण मागितलं. ताई नवरदेवाशी काहीतरी बोलून हसली, आणि नंतर, सगळ्यांसमोर, स्वतः उठून चहा टाकायला आत गेली. त्याचा अर्थ फक्त मला आणि आईला कळला. चहा झाला. दूध नासलं नाही. नासलं असतं तरी मला वाटतं आता कोणाच्या बापाचं काही गेलं नसतं.

मला वाटलं सुटलो. सरांनी तर दोनदा वरण घेतलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंगत उठली, पाहुणे केळीच्या सावलीत बसले, मी हळूच मागच्या दारानं सटकणार तेवढ्यात आवाज आला.

"इकडे ये. त्या तीन बाटल्या घेऊन ये."

मी बाटल्या घेऊन उभा राहिलो. अख्खी धुळ्याची मंडळी बघत होती. नवरदेवही.

"साबण किती टाकलास?"

"किसून टाकला सर."

"किती?"

"थोडा थोडा."

"तिन्हीत सारखा?"

मी बाटल्यांकडे बघितलं.

"पाणी तिन्हीत सारखं होतं? नाही. ही बाटली अर्धी, ही पाऊण. हलवलं किती वेळ? तिन्ही सारखी? तेही नाही. मग हा प्रयोग झाला का?" सर तापत चालले होते, आणि सर तापले की त्यांचं धुळं बाहेर येतं. "हाई काय शे? जादूना खेळ? माले येडा समजस का तू? त्या पोरीचं सगळं त्या बाटल्यांवर टांगलं होतं, आणि तू साबण 'थोडा थोडा' टाकला? उद्या कोणी म्हटलं असतं, जारच्या बाटलीत साबण जास्त टाकला, म्हणून फेस आला, तर काय तोंड दाखवलं असतं? मोजायचं! सारखं घ्यायचं, सारखं टाकायचं, सारखं हलवायचं, मग तोंड उघडायचं! नक्कल करायची तर पूर्ण करायची. आवाज माझा उचललास, मापं कोण उचलणार?"

"चुकलं सर."

"आणि काय रे," सर जरा थांबले, "मी बोलताना नाक ओढतो असं तुला कोणी सांगितलं?"

सुर्रर्र.

कोणी हसलं नाही. नवरदेवानं रुमाल तोंडावर धरला. मी डाव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो, कारण आईकडे बघितलं असतं तर संपलं असतं. आणि आई तर सरांच्या मागे कंबरेवर हात ठेवून उभीच होती, तिचा नंबर यायची वाट बघत.

"हसू नको. चमचा आण," सर म्हणाले, "आणि साबण. बस इथं. सगळ्यांसमोर परत कर, आणि ह्या वेळी तुझ्या स्वतःच्या आवाजात!"

"आधी माझ्याकडे द्या त्याला, सर," आई म्हणाली. "शपथ माझी होती."